साइट ब्लॉक झाली? आधी पुरावा, मग आदेशाची प्रत

एखादी बातम्यांची किंवा उपहासाची साइट अचानक उघडेनाशी झाली की बहुतेकांचा हात आधी व्हीपीएनकडे, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरमधून फिरवून साइट उघडून देणाऱ्या सेवेकडे जातो. वाचण्यापुरता तो उपाय ठीक आहे, पण त्याने बंदी उठत नाही. उलट व्हीपीएन चालू असेल तर आपल्या नेटवर्कवर साइट अडवली आहे की नाही हे कळतच नाही. म्हणून तपासणी होईपर्यंत व्हीपीएन, फोनमधला प्रायव्हेट डीएनएस आणि ब्राउझरमधला सुरक्षित डीएनएस बंद ठेवा (डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारी यंत्रणा).

बंदी की बिघाड?

एकाच वेळी निदान दोन नेटवर्कवर साइट उघडून पाहा, उदाहरणार्थ मोबाइलवर जिओ किंवा एअरटेल आणि घरचं ब्रॉडबँड. भारतात प्रत्येक कंपनी आदेश आपापल्या पद्धतीने राबवते. त्यामुळे साइट एकीकडे बंद आणि दुसरीकडे चालू असणं नेहमीचं आहे. तेवढ्यावरून बंदी नाहीच असं ठरवू नका.

सगळ्यात सोपी पद्धत डीएनएसची: साइटच्या नावाचा पत्ता विचारला की कंपनी खोटं उत्तर देते. हे तपासायला संगणकाच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये किंवा टर्मिनलमध्ये ‘एनएसलुकअप’ (nslookup) ही आज्ञा साइटचं नाव जोडून द्या. मग तीच आज्ञा शेवटी १.१.१.१ (1.1.1.1, क्लाउडफ्लेअर कंपनीचा सार्वजनिक डीएनएस) जोडून पुन्हा द्या. दोन उत्तरं वेगळी आली म्हणून लगेच बोट दाखवू नका, मोठ्या साइट्सचे पत्ते शहरागणिक बदलतात. पहिल्या वेळी उत्तरच नाही किंवा १२७.०.०.१ असा (म्हणजे तुमच्याच संगणकाचा) पत्ता आला आणि दुसऱ्या वेळी नीट पत्ता आला, तर संशय पक्का होतो. काही कंपन्या १.१.१.१ ला विचारलेला प्रश्नही वाटेत अडवून स्वतःच उत्तर देतात, त्यामुळे दोन्ही उत्तरं सारखीच खोटी असू शकतात.

दुसरी पद्धत जास्त चिवट आहे. एचटीटीपीएसमध्ये (https ने सुरू होणाऱ्या सुरक्षित पत्त्यांवर) पानाचा मजकूर कूटबद्ध असतो, पण जोडणी सुरू होतानाच्या पहिल्या निरोपात साइटचं नाव सहसा उघडंच जातं. कंपनीचं यंत्र ते नाव वाचतं आणि जोडणी तोडतं. मग डीएनएस बदलूनही साइट उघडत नाही, ‘कनेक्शन रीसेट’ असा संदेश येतो. ‘दूरसंचार विभागाच्या निर्देशानुसार ही साइट रोखली आहे’ अशी सूचना मुख्यतः जुन्या एचटीटीपी पत्त्यांवरच दिसते. एचटीटीपीएसवर त्या सूचनेचं प्रमाणपत्र (साइटची ओळख पटवणारा डिजिटल दाखला) जुळत नाही, म्हणून ब्राउझर धोक्याचा इशारा देतो. तो इशारा ओलांडून पुढे जाऊ नका, त्याचा स्क्रीनशॉट घ्या.

पान उघडतं, पण ‘आपल्या देशात उपलब्ध नाही’ असं लिहून येतं? मग मजकूर तुमच्या नेट कंपनीने नाही, प्लॅटफॉर्मनेच अडवला आहे आणि तक्रारीचा रस्ता वेगळा आहे: आधी त्या प्लॅटफॉर्मचा तक्रार अधिकारी, त्याचा निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील.

पुरावा कसा जपायचा

ऊनी प्रोब हे मोफत ॲप या कामासाठीच बनवलेलं आहे. ते उघडून सगळ्या चाचण्या एकदम चालवू नका. त्याच्या ठरावीक यादीत अश्लील आणि जुगाराच्या साइट्सही असतात, आणि तुमच्या फोनवरून त्या उघडल्याची नोंद नेट कंपनीकडे राहते. ‘वेबसाइट्स’ चाचणीत जाऊन फक्त आपल्याला हवा तो पत्ता भरा. एकेका नेटवर्कवर, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी, तीनदा चाचणी करा. एकच अपयशी चाचणी म्हणजे रेंजचा दोषही असू शकतो. निकाल ऊनीच्या संकेतस्थळावर सार्वजनिक होतो: त्यात देश, नेटवर्क आणि वेळ असते, तुमचा आयपी पत्ता सहसा नसतो. ज्यांना तेवढंही नको त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन निकाल आपोआप पाठवणं आधीच बंद करावं.

सोबत एका कागदावर पूर्ण पत्ता, तारीख, वेळ, शहर, नेटवर्क आणि आलेला संदेश लिहा. स्क्रीनशॉटमध्ये ॲड्रेस बार दिसलाच पाहिजे. मूळ पान इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये साठवून ठेवा. ते परदेशी सर्व्हरवरून पान उचलतं, म्हणून इथे बंद असलेलं पानही बहुधा साठवता येतं.

आदेश मागा

सरकारी बंदीचा मुख्य आधार म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९अ आणि त्याखालचे २००९ चे नियम. कारणं ठरलेली आहेत: देशाचं सार्वभौमत्व आणि अखंडता, संरक्षण, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, आणि यांच्याशी निगडित दखलपात्र गुन्ह्याची चिथावणी. बदनामी किंवा असभ्यता या यादीत नाही, हे अर्ज लिहिताना लक्षात असू द्या. काही साइट्स मात्र कोर्टाच्या आदेशाने बंद होतात, विशेषतः कॉपीराइटच्या दाव्यांत. म्हणून आधी नेट कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेलने विचारा की बंदी कोणाच्या आदेशाने, कोणत्या तारखेला आली. उत्तर टाळाटाळीचं आलं तरी ते जपून ठेवा.

मग माहिती अधिकाराचे दोन अर्ज करा, एक इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाला आणि एक दूरसंचार विभागाला. केंद्राच्या आरटीआय पोर्टलवर शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘साइट का बंद केली?’ असं विचारलंत की अर्ज तिथेच फसतो. ‘का’ ही माहिती नाही, स्पष्टीकरण आहे, असं सांगून अधिकारी हात झटकतो. कागद मागा:

‘अमुक संकेतस्थळाबाबत (१) कलम ६९अ खालील आदेशाची प्रत, क्रमांक व तारीख. (२) २००९ च्या नियमांतील नियम ८ नुसार दिलेल्या नोटिशीची प्रत. (३) नियम ९ खाली तातडीची बंदी असल्यास, प्रकरण ४८ तासांत समितीपुढे ठेवल्याची नोंद. (४) नियम १४ च्या पुनर्विलोकन समितीने ज्या बैठकीत हा आदेश तपासला तिचं इतिवृत्त. काही भाग देता येत नसल्यास माहिती अधिकार कायद्याच्या कलम १० नुसार उर्वरित भाग द्यावा.’

बहुधा नकारच येईल, कारण नियम १६ गोपनीयता सांगतो आणि माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(अ), म्हणजे देशाची सुरक्षा वगैरे कारणांची सवलत, पुढे केलं जातं. ३० दिवसांत पहिलं अपील करा, त्याला केंद्रात शुल्क नाही. मुद्दे असे: कलम २२ नुसार हा कायदा इतर कायद्यांना मागे सारतो, आणि कलम ८(२) नुसार जनहित मोठं असेल तर माहिती द्यावी लागते. सगळ्यात जड मुद्दा श्रेया सिंघल निकालाचा आहे. २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ (ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराचा गुन्हा) रद्द केलं, पण ६९अ कायम ठेवलं. बंदीची कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि म्हणून रिट याचिकेत त्यांना आव्हान देता येतं, हा त्यामागचा एक महत्त्वाचा आधार होता. कारणं कोणाला दाखवायचीच नसतील तर तो आधार उरत नाही. हे अपिलात स्पष्ट शब्दांत लिहा. दुसरं अपील ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे.

अर्जदाराचं नाव-पत्ता उघडा पडणं महाराष्ट्रात किरकोळ गोष्ट नाही. तळेगाव दाभाडे इथले माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची २०१० साली हत्या झाली. अर्जात घरच्या पत्त्याऐवजी पोस्ट बॉक्स क्रमांक देता येतो, कलकत्ता उच्च न्यायालयाने २०१३ साली ते मान्य केलं आहे.

साइट तुमचीच असेल तर

तुमचा हक्क वाचकापेक्षा भक्कम आहे. इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयातल्या पदनिर्देशित अधिकाऱ्याला (डेझिग्नेटेड ऑफिसर) ईमेल आणि स्पीड पोस्ट दोन्हीने लिहून आदेशाची प्रत आणि सुनावणी मागा, पोचपावती ठेवा. हुंड्यावर उपहास करणाऱ्या ‘डाउरी कॅल्क्युलेटर’ साइटच्या प्रकरणात तनुल ठाकूर यांना नोटीस न देताच साइट बंद झाली होती. दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये त्यांना आदेशाची प्रत आणि सुनावणी द्यायला सांगितलं. त्या आदेशाचा हवाला पत्रातच द्या. त्यांची बाजू इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनने लढवली. ही संस्था आणि एसएफएलसी, दोन्ही दिल्लीतल्या डिजिटल हक्क संस्था, अशा कामात मदत करतात.

इंटरनेटच बंद केलं तर

कोल्हापुरात जून २०२३ मध्ये, जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगरात फेब्रुवारी २०२४ मध्ये हे झालं. आता दूरसंचार सेवा तात्पुरत्या बंद करण्याविषयीचे २०२४ चे नियम लागू आहेत: आदेश लेखी आणि प्रसिद्ध केलेला हवा, त्यात कारण, भूभाग आणि मुदत हवी, मुदत १५ दिवसांहून जास्त नाही, आणि ५ दिवसांत पुनर्विलोकन समितीची बैठक हवी. आदेशाची प्रत राज्याच्या गृह विभागाकडे मागा. महाराष्ट्रात माहिती अधिकाराच्या एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द, हे पाळा. ब्रायर हे अँड्रॉइड ॲप ब्लूटूथ आणि वायफायवर जवळपासच्या लोकांशी बोलू देतं, पण इंटरनेट असतानाच ते उतरवून सगळ्यांनी एकमेकांना जोडून ठेवलेलं बरं.

आता व्हीपीएन

केंद्राची सायबर सुरक्षा संस्था सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांचं नाव, पत्ता, आयपी पाच वर्षं जपायचा आहे. त्यामुळे नॉर्ड, एक्सप्रेस, प्रोटॉन यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. भारतात प्रत्यक्ष सर्व्हर दाखवणारी सेवा घेण्याआधी तिचं नोंदीविषयीचं धोरण वाचा, आणि फुकटच्या अनोळखी ॲपपासून लांब राहा. देशभर व्हीपीएनवर बंदी नाही, पण जम्मू-काश्मीरमधल्या काही जिल्ह्यांत स्थानिक आदेशाने ती आलेली आहे. तिकडे जाणाऱ्यांनी आधी चौकशी करावी. केवळ वाचायचं असेल तर टॉर ब्राउझर (अनेक सर्व्हरमधून फिरवून साइट उघडणारा) पुरतो. टॉर जोडलाच जात नसेल तर त्याच्या सेटिंगमधून ओबीएफएस४ (obfs4) किंवा स्नोफ्लेक (Snowflake) ब्रिज, म्हणजे टॉरकडे नेणारी आडवाट, निवडा. वेग कमी मिळतो, व्हिडिओसाठी तो उपयोगाचा नाही.