दान मिळालेल्या जागेवरील उद्यानाचा इतिहास कसा लिहावा

एखाद्याने दान दिलेल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या सार्वजनिक उद्यानाचा इतिहास लिहायला बसणारे बहुतेक लोक प्रवेशद्वाराजवळच्या कोनशिलेपासून सुरुवात करतात. कोनशिलेवर दात्याचे नाव आणि उद्घाटनाची तारीख मिळते, परंतु जमीन कोणत्या अटींवर दिली गेली हे तिच्यावर क्वचितच कोरलेले असते. माझ्या मते अशा उद्यानाचा खरा इतिहास त्या अटींमध्येच असतो. म्हणून शोधाची सुरुवात दानपत्रापासून करावी आणि दान मृत्यूनंतरचे असेल तर मृत्युपत्रापासून.

दस्ताची नकल मिळाल्यावर ती सावकाश, शक्यतो दोनदा वाचावी. जमीन नेमकी कोणाच्या नावे केली आहे, नगरपालिकेच्या की विश्वस्तांच्या, हे प्रथम टिपून घ्यावे. उद्यानात प्रवेश कोणाला, कोणत्या दिवशी आणि शुल्क घेऊन की विनाशुल्क, देखभालीसाठी वेगळा निधी ठेवला आहे काय, आणि अट मोडल्यास जमीन दात्याच्या वारसांकडे परत जाईल असे कलम आहे काय, हेही पाहावे. हे शेवटचे कलम दस्तात नसले तरी पुढे न्यायालयात तोच प्रश्न उभा राहू शकतो. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात मेकन येथे असे घडले. सिनेटर ऑगस्टस बेकन यांनी १९११ च्या मृत्युपत्राने उद्यानासाठी जमीन ठेवली, पण ती केवळ गोऱ्या लोकांच्या वापरासाठी. १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या उद्यानात वर्णभेद पाळता येणार नाही असा निकाल दिला आणि १९७० मध्ये, दात्याचा हेतूच आता पूर्ण होऊ शकत नाही या कारणाने जमीन वारसांकडे परत जाण्यावर शिक्कामोर्तब केले. उद्यान संपले. मृत्युपत्र न वाचता ही कथा कोणालाही लिहिता आली नसती.

दस्तानंतर नगरपालिकेच्या सभांची इतिवृत्ते आणि ठराव यांच्याकडे वळावे. हे वाचन कंटाळवाणे असते, हे कबूल करायला हवे. पण दान स्वीकारताना कोणी हरकत घेतली आणि खर्चावरून काय वाद झाले हे तेथेच सापडते. जुने मोजणी नकाशे आजच्या नकाशाशेजारी ठेवून पाहावेत, म्हणजे रस्ता रुंदीकरणात किंवा इमारतींसाठी मूळ जागेतील किती भाग गेला ते लक्षात येते.

“पहिले उद्यान” किंवा “सर्वांसाठी खुले” असे शब्द जुन्या वृत्तपत्रांतून जसेच्या तसे उचलू नयेत. इंग्लंडमधील डर्बी येथे गिरणीमालक जोसेफ स्ट्रट यांनी १८४० मध्ये दिलेल्या सुमारे ११ एकरांवरील वृक्षोद्यानाचा उल्लेख अनेकदा देशातील पहिले सार्वजनिक उद्यान असा होतो. परंतु तेथे रविवारी आणि आठवड्यातील आणखी किमान एक दिवस विनाशुल्क प्रवेश असावा, एवढीच स्ट्रट यांची अट होती. इतर दिवशी शुल्क घेतले जाई. ते उद्यान नेमके कोणासाठी होते, हे या एका तपशिलातून कळते.

दात्याविषयी लिहिताना स्तुतिपर लेखांपासून चार हात दूर राहावे. ग्रिफिथ जे. ग्रिफिथ यांनी १८९६ मध्ये लॉस एंजेलिस शहराला ३,०१५ एकर जमीन दिली. पुढे १९०३ मध्ये पत्नीवर गोळी झाडल्याबद्दल त्यांना तुरुंगवास झाला, आणि नंतर त्यांनी वेधशाळेसाठी पैसे देऊ केले तेव्हा त्याला विरोध झाला. त्यांच्या मृत्युपत्रातील निधीतून वेधशाळा अखेर १९३५ मध्ये उघडली. या दोन्ही गोष्टी एकाच प्रकरणात याव्यात.

ज्येष्ठ नागरिकांच्या आठवणी मात्र सर्वांत शेवटी घ्याव्यात, कारण कागद वाचून झाल्यावरच त्यांना नेमके प्रश्न विचारता येतात. आठवण आणि दस्त यांच्यात विसंगती आढळली तर दोन्ही नोंदवून कोणती माहिती कोठून मिळाली ते स्पष्ट लिहावे.