हंगामाआधी वेबसाइटला गडगा घाला

मागच्या एप्रिलमध्ये, ऐन आंब्याच्या दिवसांत, आमच्या साइटच्या बुकिंग फॉर्ममधून एका रात्रीत शेकडो खोट्या चौकश्या आल्या. त्या ढिगात दापोलीला मुक्कामाला येणाऱ्या एका खऱ्या कुटुंबाची चौकशी दबून गेली आणि ते दुसरीकडे उतरले. हे बॉट्सचं, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमचं काम. पेट्यांच्या ऑर्डरी किंवा राहण्या-जेवणाच्या घरगुती सोयीचं बुकिंग तुम्ही वर्डप्रेसच्या साइटवर घेत असाल, तर पुढची कामं फेब्रुवारीतच उरकून घ्या.

आधी बॅकअप. अपड्राफ्टप्लस या प्लगइनने (साइटला जोडायच्या जादा प्रोग्रॅमने) घेतलेली साइटची प्रत गूगल ड्राइव्हवर ठेवा. मग वर्डप्रेस, थीम, प्लगइन सगळं अपडेट करा. वापरात नसलेलं प्लगइन नुसतं बंद करू नका, काढूनच टाका.

आता वर्डफेन्ससारखं एकच सुरक्षा प्लगइन बसवा. दोन फायरवॉल, म्हणजे हल्ले दारातच अडवणारे पहारेकरी, एकमेकांच्या पायात येतात. वर्डफेन्सची फायरवॉल पहिला आठवडा शिकण्याच्या अवस्थेत असते. त्या आठवड्यात दर बदला, फोटो चढवा, एखादं बुकिंग करून पाहा, म्हणजे नेहमीची कामं तिला ओळखता येतील. हल्ला आधीच चालू असेल तर मात्र आठवडाभर थांबू नका, संरक्षण लगेच सुरू करा. मोफत आवृत्तीला हल्ले ओळखण्याचे नवे नियम ३० दिवस उशिरा मिळतात, म्हणून अपडेट चुकवून चालत नाही.

सगळ्यात जास्त लक्ष लॉगिनकडे द्या, कारण बॉट तिथे रात्रंदिवस पासवर्ड लावून बघत असतात. ‘अ‍ॅडमिन’ हे नाव असेल तर आधी नवं खातं उघडा आणि मग ते जुनं हटवा. पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर लॉक लागेल अशी मर्यादा घाला. दुहेरी पडताळणीसाठी (पासवर्डनंतर आणखी एक कोड) ऑथेंटिकेटर अ‍ॅप घ्या. पावसाळ्यात रेंज गेली की एसएमएसचा ओटीपी येत नाही. अ‍ॅपमधला कोड फोनमध्येच तयार होतो, त्याला रेंज लागत नाही. फोन हरवला तर लागणारे, सोबत मिळणारे रिकव्हरी कोड कागदावर लिहून कपाटात ठेवा. मोबाइल अ‍ॅपमधून किंवा जेटपॅक या प्लगइनसाठी एक्सएमएल-आरपीसी (बाहेरच्या अ‍ॅपने साइटशी बोलायची वाट) लागत नसेल, तर तिथून होणारं लॉगिनही बंद करा.

फॉर्मवर क्लाउडफ्लेअरचं टर्नस्टाइल लावा, ते समोर माणूस आहे की बॉट हे तपासतं. ते मोफत आहे आणि पाहुण्याला चित्रं ओळखत बसावं लागत नाही.

रागाच्या भरात परदेश सरसकट अडवू नका. दुबईहूनही हापूसची ऑर्डर येते. गूगलचा बॉटही अडवायचा नाही, नाहीतर शोधात साइट दिसणार नाही. बॉटना कुठे येऊ नये हे सांगणाऱ्या रोबोट्स फाइलवर विसंबू नका. ती नुसती विनंती आहे, वाईट बॉट ती मानत नाहीत.

पहिले पंधरा दिवस रोज सकाळी वर्डफेन्सची अडवलेल्यांची यादी बघा. एकाच मोबाइल कंपनीचे अनेक ग्राहक एकाच आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) येतात, त्यामुळे बॉटबरोबर पुण्याचं नेहमीचं गिऱ्हाईकही अडकू शकतं. तसं दिसलं तर तो आयपी मोकळा करा आणि त्यांना फोन करून पुन्हा फॉर्म भरायला सांगा.