नव्या स्वॅगची गळकी शिवण

ऑस्ट्रेलियात स्वॅग म्हणजे जाड कॅनव्हासचा, आत गादी असलेला, गुंडाळून गाडीत टाकता येणारा बुटका तंबू. मेलबर्नहून ग्रॅम्पियन्सच्या डोंगरांत गेलो, रात्री पाऊस लागला आणि कोऱ्या स्वॅगमध्ये टपटप सुरू. कापड ठणठणीत, गळत होतं फक्त टाक्यांपाशी. म्हणजे माल खराब नव्हता. सुईने पाडलेली भोकं धाग्यापेक्षा मोठी असतात. पाणी प्यायल्यावर सुताचे तंतू फुगतात आणि ती बुजतात.

घरी परसात स्वॅग उभा केला, नळीने शिवणी चिंब भिजवल्या, मग उन्हात खडखडीत वाळू दिल्या. पुन्हा तेच केलं. मधलं वाळणं टाळायचं नाही. दरवेळी गळती कमी होत गेली. खिडकीच्या कोपऱ्यातली शिवण मात्र हट्टी, तिच्यावर मधमाश्यांचं मेण चोळलं. साबण लावू नका, कापडावरचा पाणी अडवणारा लेप जातो.

पाऊस नसतानाही सकाळी आत ओल दिसते, ती आपल्याच श्वासाची. तिच्यासाठी झडप थोडी उघडी ठेवायची, थंडीने कुडकुडलो तरी. आणि ओला स्वॅग गुंडाळावाच लागला, तर घरी पोचताच उलगडून वाळवायचा. बुरशीचे डाग निघता निघत नाहीत.