मृगाच्या आत शेततळ्यातली माशांची कामं

सध्या बहुतेक शेततळी तळाला गेली आहेत. तळ उघडा पडायची वर्षातली ही एकच वेळ. यंदा मासे सोडायचे असतील, तर डागडुजी मृगाच्या आत उरकून घ्या.

सर्वांत आधी सांडवा बघा. लोक खाद्यावर, बियाण्यावर खर्च करतात आणि सांडव्याला हात लावत नाहीत. मग पिशवीतून मोजून आणलेले रोहू-कटला एका रात्रीत ओढ्याला लागतात. पाणी येतं तिथेही जाळी लागते. चढणीचे मासे कुणाला समजावून सांगायला नकोत. लोंढा आला की मासा पाण्याच्या उलट निघतो, तळ्यातलाही निघतो. त्याच वाटेने ओढ्यातला मरळ वर चढून तळ्यात शिरतो आणि लहान बोटुकली फस्त करतो.

जाळी मात्र नुसती तोंडावर ताणू नका. आम्ही पहिल्या वर्षी दोन फुटी सांडव्यावर मच्छरदाणी बांधली होती. रात्रीत बाभळीचा पाला अडकून तिचा पडदा झाला, पाणी बांधावरून गेलं आणि सकाळी सहा फूट बांध जागेवर नव्हता. आता सांडव्यापुढे तळ्याच्या आत बांबू रोवून अर्धगोल कुंपण करतो, सांडव्याच्या पाचसहा पट लांब. तळ्याकडच्या अंगाला काटक्या-पाला अडवायला दोन इंची जाळी, सांडव्याकडच्या अंगाला पाव इंची नायलॉन. जाळीचा खालचा काठ वीतभर मातीत पुरायचा, नाहीतर मासे खालूनच जातात. पाऊस लागला की रोज एकदा फावड्याने पाला ओढायचा. बांध भरल्या पाण्याच्या वर दीड-दोन फूट राहील एवढा चढवा. खेकड्या-उंदरांची बिळं काळ्या मातीने ठेचून बुजवा, नुसती वरून लिंपून उपयोग नाही.

तळ भेगा पडेपर्यंत वाळू द्या. काळा, वास मारणारा गाळ काढून शेतात टाका. माशाला तो विष, पिकाला खत. पण तळ खरवडून खालचा मुरूम उघडा करू नका, पाणी जिरेल. डबकं राहत असेल तर त्यातले नको ते मासे मारायला मोहाची पेंड चालते: दहा गुंठ्यांत फूटभर पाणी असेल तर साधारण 75 किलो. तिचं विष उतरायला तीनेक आठवडे लागतात, तोवर बीज सोडायचं नाही.

मग चुना. गुंठ्याला दोन-अडीच किलो, म्हणजे दहा गुंठ्यांना पाव क्विंटलच्या आत-बाहेर. तो आदल्या रात्री लोखंडी पिंपात भिजवा. प्लास्टिकचं पिंप त्या उष्णतेने वितळतं. फेकताना वारा पाठीवर घ्या, डोळे जपा. शेण त्याच दिवशी टाकू नका, आठवडा जाऊ द्या. पहिला हप्ता गुंठ्याला 20 किलो पुरे. पाणी हिरवट झालं की हात कोपरापर्यंत बुडवून बघा. तळवा नुकताच दिसेनासा झाला तर बरोबर. वीतभरातच दिसेनासा झाला तर शेण थांबवा.

प्लास्टिकचा कागद टाकलेल्या तळ्याची गोष्ट वेगळी. तिथे मातीच नाही, त्यामुळे पाणी आपोआप हिरवं होत नाही. शेण गोणपाटात बांधून दोरीने पाण्यात लोंबकळत ठेवा. कागदावर बांबू रोवू नका, खाद्याच्या पिशव्या (त्या कशा करायच्या ते पुढे सांगतो) काठाकाठाला ताणलेल्या दोरीला बांधा. आणि मासे सोडा न सोडा, गाठी मारलेला जाड दोर किंवा जुन्या टायरांची शिडी दोन बाजूंनी पाण्यापर्यंत सोडाच. शेवाळलेल्या कागदावरून पट्टीचा पोहणाराही वर येऊ शकत नाही.

खाद्याची पिशवी म्हणजे खताचं रिकामं पोतं धुवून, बुडाला दाभणाने भोकं पाडून केलेलं. शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा निम्मा-निम्मा. मासे भोकांतून ओढून खातात, खाद्य तळाला कुजत नाही. संध्याकाळी पोतं जड लागलं तर दुसऱ्या दिवशी कमी भरा. बगळे-पाणकावळ्यांसाठी तळ्यावर आडव्या-उभ्या दोऱ्या ताणल्या की बरंच भागतं.

बोटुकली बोटभर लांबीचीच घ्या, गुंठ्याला 50-60. कटला तीन, रोहू चार, मृगळ तीन हे प्रमाण ठेवा. त्याहून बारीक बीज स्वस्त पडतं खरं, पण अर्धं बगळ्यांच्या पोटात जातं. कुणी मांगूर म्हणून थाई मांगूर गळ्यात मारत असेल तर घेऊ नका, तो पाळायला देशात बंदी आहे. पिशवी आधी पाण्यावर पंधरा-वीस मिनिटं तरंगू द्या, मग तोंड सोडा.

श्रावणात ढगाळ दिवस लागोपाठ आले की पहाटे पाचला एक चक्कर मारा. मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर हवा कमी पडली आहे. मोटर सुरू करून त्याच तळ्याचं पाणी उंचावरून परत तळ्यात पाडा. शेण आणि पेंड दोन दिवस बंद.