आधी पाय, मग कान, शेवटी खिसा

मँचेस्टर, लीड्स, शेफील्डकडे शिकायला किंवा नोकरीला आलेल्या मराठी मंडळींपैकी कुणी ना कुणी अधूनमधून विचारतं, "तुमचं ते नॉर्दर्न सोल आवडतंय, कुठल्या रेकॉर्डी घेऊ?" माझं उत्तर त्यांना आवडत नाही. मी म्हणतो, सध्या एकही घेऊ नका. आधी नाचायला या.

नॉर्दर्न सोल म्हणजे गाणी अमेरिकेची, पण नाद इंग्लंडच्या उत्तरेचा. १९६० च्या दशकात डेट्रॉइट, शिकागो, लॉस एंजेलिसमधल्या छोट्या-छोट्या कंपन्यांनी मोटाउन या डेट्रॉइटच्या गाजलेल्या रेकॉर्ड कंपनीच्या धर्तीवर ढीगभर सातइंची तबकड्या काढल्या. गायक बहुतेक कृष्णवर्णीय, ठेका जोरकस, आणि बऱ्याच गाण्यांचं नशीब असं की गावाबाहेरच्या रेडिओवर ती कधी लागलीच नाहीत. न खपलेला माल गोदामांत पडून राहिला. इकडे मँचेस्टरच्या ट्विस्टेड व्हील क्लबमध्ये गिरण्या-कारखान्यांच्या गावांतली पोरं त्याच गाण्यांवर रात्र-रात्र नाचत होती. लंडनमध्ये सोल सिटी नावाचं दुकान चालवणारे पत्रकार डेव्ह गॉडिन यांच्या लक्षात आलं की फुटबॉलचा सामना बघायला उत्तरेतून आलेली पोरं फंक हे नव्या धाटणीचं संगीत मागतच नाहीत, त्यांना तोच जुना पळता ठेका हवा असतो. 'नॉर्दर्न सोल' हे नाव त्यांनीच पाडलं. व्हील १९७१ मध्ये बंद झालं. मग टनस्टॉलचं गोल्डन टॉर्च, ब्लॅकपूल मेक्का आणि सगळ्यांत गाजलेलं विगन कसिनो. २३ सप्टेंबर १९७३ ते ६ डिसेंबर १९८१ एवढाच त्याच्या ऑलनायटरचा, म्हणजे रात्रभराच्या नाचाचा काळ. दारूचा परवाना नव्हता. लोक मध्यरात्रीनंतर आत शिरायचे आणि सकाळी आठला घामाने भिजून बाहेर पडायचे.

इतिहास एवढा पुरे. आज हा प्रकार लेबर क्लब, सोशल क्लब, बॉलरूम अशा ठिकाणी चालतो, आणि रविवारी दुपारी चालणाऱ्या 'सोल आफ्टरनून'पासून सुरुवात करणं सगळ्यांत सोपं. लाकडी फरशी, गुळगुळीत चामडी तळव्यांचे बूट, घाम पुसायला टॉवेल. नाचणाऱ्यांच्या मधून पेला घेऊन चालू नका आणि फ्लोअरच्या मध्यात उभं राहून गप्पा मारू नका. पूर्वी घसरायला सोपं जावं म्हणून टाल्कम पावडर टाकत. आता बऱ्याच हॉलना ते चालत नाही, तेव्हा विचारून घ्या. गिरक्या आणि मागे झोकून देणं पहिल्या दिवशी जमायची गरज नाही. साठीपुढच्या बायका डाव्या-उजव्या पावलांवर नुसत्या सरकत असतात, त्यांच्याकडे बघा. अशा हॉलमध्ये बऱ्याचदा आपणच एकटे भारतीय असतो. मला तरी तिथे कुणी "कुठून आलास?" हे दुसरा प्रश्न म्हणूनच विचारलंय, पहिला प्रश्न असतो, "हे गाणं ओळखलंस का?"

नाचायचा आग्रह का, तर इथल्या गाण्यांची किंमत दोन ठिकाणी ठरते, फ्लोअरवर आणि बाजारात, आणि त्या दोन्हींचा मेळ बसेलच असं नाही. डॅरेल बँक्सचं 'ओपन द डोअर टू युअर हार्ट' घ्या. १९६६ साली रेव्हिलॉट लेबलवर निघालेलं, अमेरिकेत चांगलं खपलेलं. त्यामुळे मूळ अमेरिकन प्रत अजूनही साध्या माणसाला परवडते. तेच गाणं ब्रिटनमध्ये लंडन रेकॉर्ड्सने काढायला घेतलं, पण हक्कांच्या भानगडीत ते मागे घ्यावं लागलं आणि स्टेटसाइड लेबलवर निघालं. मागे घेण्याआधी छापलेली लंडनची विक्रीप्रत २०१४ मध्ये १४,००० पौंडांहून जास्त किमतीला गेली. दोन्हींत आवाज तोच, नाचही तोच. फरक कागदाच्या गोल तुकड्याचा. फ्रँक विल्सनच्या 'डू आय लव्ह यू'ची १९६५ ची प्रत तर २०२० मध्ये एक लाख पौंडांना विकली गेली. पण तेच गाणं १९७९ मध्ये मोटाउनने ब्रिटनमध्ये रीतसर छापलं होतं, हे नवख्यांना कुणी सांगत नाही.

इथे 'ओव्हीओ'चा, म्हणजे 'ओरिजिनल व्हिनाइल ओन्ली'चा विषय निघतोच. डीजेने मूळ छपाईचीच तबकडी वाजवायची. पुनर्मुद्रण नाही, सीडी नाही, लॅपटॉप तर नाहीच. या नियमामागचं कारण मला पटतं: शोधाशोधीची मेहनत घेणाऱ्याचा मान राहतो, आणि सगळ्या डीजेंच्या रेकॉर्डींच्या पेट्या सारख्या होत नाहीत. पण त्यातला सोवळेपणा पटत नाही. जुन्या तबकडीला तुम्ही ५०० पौंड मोजलेत तरी गायकाला त्यातला एक पेनी मिळत नाही. केंटसारख्या कंपनीने परवाना घेऊन काढलेल्या पुनर्मुद्रणातून काहीतरी मिळण्याची शक्यता असते. म्हणून घरी ऐकायला अधिकृत पुनर्मुद्रण घ्या आणि ते लपवू नका. बूटलेग, म्हणजे विनापरवाना छापलेली नक्कल, मात्र नको. त्यात ना गायकाला पैसे, ना तुम्हाला मान.

खरेदी कार्यक्रमांतच सुरू करा. हॉलच्या कडेला टेबलांवर खोकी मांडलेली असतात. विक्रेत्याला ऐकवायला सांगा, तो ऐकवतो. तबकडी दिव्याखाली तिरकी धरा. खोबणी संपते तिथपासून लेबलापर्यंतच्या गुळगुळीत पट्टीत आकडे-अक्षरं असतात, ती वाचायची सवय लावा. बेल साउंडसारख्या स्टुडिओचा ठसा यंत्राने उठवलेला असतो, तर लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्याच्या मालावर छोटा त्रिकोण आणि पुढे आकडा दिसतो. तुमच्या हातातल्या प्रतीवर ठशाच्या जागी हाताने खरवडलेली अक्षरं असतील तर ती बूटलेग असू शकते, थांबा आणि माहीतगाराला दाखवा. थांबा एवढंच म्हणतो, कारण काही अस्सल छपायांवरही हाताचीच अक्षरं असतात. लेबलातून आरपार बारीक भोक असेल तर घाबरू नका. न खपलेला माल स्वस्तात काढताना तशी खूण करत. आणि अमेरिकन विक्रेत्याने 'व्हेरी गुड' लिहिलं असेल तर ती शाबासकी समजू नका. ती तबकडी बहुधा चांगलीच खरखरते. परदेशातून मागवताना टपालखर्च आणि २० टक्के व्हॅट धरूनच भाव ठरवा.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे स्टायरीन. अमेरिकेतल्या कित्येक सातइंची तबकड्या व्हिनाइलच्या नसून स्टायरीनच्या आहेत. हे प्लास्टिक ताठ असतं, त्यावर लेबल वरून चिकटवलेलं असतं. नवी असताना आवाज झकास, पण झिजलेल्या सुईने खोबणी कायमची बिघडते. डीजे सुरुवातीची जागा शोधायला तबकडी उलटसुलट फिरवतात, त्याने स्टायरीनवर पहिली काही सेकंदं 'सूं' असा आवाज बसतो आणि तो धुऊन जात नाही. म्हणून विकत घेताना गाण्याची सुरुवात ऐकाच, आणि वाजवताना स्टायरीन मागे फिरवू नका. ताठ आहे का हे बघायला वाकवूनही बघू नका, मोडते.

कान तयार व्हायला वेळ लागतो, आणि त्यात जुन्या डीजेंनी घोळही घालून ठेवलाय. नवं सापडलेलं गाणं दुसऱ्याच्या हाती लागू नये म्हणून ते लेबलावर कागद चिकटवून भलत्याच गायकाचं नाव सांगत. याला कव्हर-अप म्हणतात. आपल्याकडचे खाँसाहेब ठेवणीतली चीज परक्या घराण्याच्या कानी पडू देत नसत, तसलाच हा प्रकार. त्यामुळे जुनी टिपणं किंवा कॅसेटवरची नावं बघून खरेदीला निघू नका.

डीजे व्हायचं असेल तर बीटमॅचिंग, म्हणजे एका गाण्याचा ठेका पुढच्याशी जुळवणं, विसरा. ढोल वाजवणारी माणसं होती, ठेका मध्येच पुढेमागे होतो. गाणं संपू द्यायचं, मायक्रोफोनवर गायक, गाणं आणि लेबल सांगायचं, पुढचं लावायचं. कसब निवडीत आणि आवाजाच्या पातळीत आहे, कारण एक तबकडी ओरडते तर दुसरी पुटपुटते. प्रत्येक वेळी हेडफोनवर ऐकून पातळी जुळवावी लागते. अमेरिकन तबकड्यांचं मधलं भोक मोठं असतं, त्यासाठीच्या चकत्या दोन-चार जास्तच ठेवा. डेकजवळ अंधार असतो, कपाळाला लावायची विजेरी न्या. आपल्या आधी काय वाजलं ते लिहून ठेवा. त्याच रात्री तेच गाणं पुन्हा लावणं इथे असभ्य मानतात.

नवख्याला वेळ मिळते ती सुरुवातीची, हॉल रिकामा असताना. लोक कोट काढत असतात, बारकडे जात असतात. तेव्हा पेटीतलं सगळ्यांत धावतं गाणं काढू नका. मध्यम लयीची, कमी ऐकलेली गाणी लावा आणि टेबलाखाली कुणाचे पाय हलतात ते बघा. मोबदला म्हणाल तर बहुतेक ठिकाणी पेट्रोलपुरता, कधी तोही नाही. पोट भरायला दुसरं काहीतरी हवंच.