"पाटील मावशी ना?" असं कधीच विचारू नका

जीएनएमच्या (नर्सिंगच्या डिप्लोमाच्या) सेकंड इयरला होते तेव्हाची गोष्ट आहे. आता नोकरी लागली तरी इन्सुलिन लोड करताना पोटात गोळा येतोच, म्हणून नवीन पोरापोरींसाठी लिहितेय. बेडमेकिंग, टीपीआर (ताप, नाडी, श्वास मोजणं), हात धुणं हे तुम्हाला येतंय, त्यात शिरत नाही.

कोल्हापुरात फिमेल वॉर्ड म्हणजे चार बेडमागं एक पाटील. इव्हिनिंग ड्युटी होती, सिस्टर म्हणाल्या सात नंबरच्या पाटील मावशींना जेवणाआधीचं इन्सुलिन दे. पण त्या मावशींना फॅनचा वारा सोसेना म्हणून दुपारीच त्यांनी अकरा नंबरशी बेड बदलून घेतलेला, आणि अकरावाली बाई पण पाटीलच! मला पत्ताच नाही, कारण ओव्हर (ड्युटी बदलताना पेशंटची माहिती सांगतात ते) चालू असताना मी प्रोसिजर बुक उतरवत बसले होते. ट्रे घेऊन गेले, "पाटील मावशी ना?" म्हटलं, त्या म्हणाल्या "व्हय की बाळ". लुगडं बाजूला करून पोटावर जागा धरली आणि सुई टोचणार एवढ्यात त्यांची सून म्हणाली, "सिस्टर, आत्यांना शुगर कधी झाली?"

त्या मावशी उलट्यांसाठी ॲडमिट होत्या, सकाळपासून पोटात काही नाही. इन्सुलिन गेलं असतं तर शुगर खाली जाऊन घाम, थरथर, बेशुद्धी, झटके, काहीही झालं असतं.

म्हणून सांगते, ज्याचं उत्तर "हो" येईल असा प्रश्नच विचारू नका. म्हाताऱ्या माणसाला नीट ऐकू येत नाही, वर सिस्टर विचारतीय म्हणजे बरोबरच असणार असं वाटतं, ती कशालाही हो म्हणते. "मावशी, तुमचं पूर्ण नाव सांगा" असं विचारायचं, आणि ते नाव आणि आयपीडी नंबर (ॲडमिट होताना मिळालेला) केस पेपरशी आणि मनगटावरच्या पट्ट्याशी जुळवायचा. काही आज्ज्या नवऱ्याचं नाव घेत नाहीत, तोंडाला पदर लावून हसत बसतात, तिथं पट्टा आणि नातेवाईक कामाला येतात. बेड नंबर ही ओळख नाही. परत सांगते, बेड नंबर ही ओळख नाही!

इन्सुलिनचंच निघालंय तर, व्हायल (इन्सुलिनची बाटली) 40 ची, म्हणजे एका मिलीत 40 युनिटची असेल तर लाल टोपणाची 40 चीच सिरिंज घ्या, केशरी टोपणाची 100 ची असते. अदलाबदल झाली की डोस अडीचपट इकडचा तिकडं होतो. भरल्यावर दुसऱ्या सिस्टरला दाखवा, लाज वाटून घेऊ नका.

आणि "लिही गं अंदाजे" म्हणणाऱ्या गोड सीनियरपासून लांब राहा. अख्ख्या वॉर्डचं रेस्पिरेशन (मिनिटाला श्वास) 20 कसं येतं ते सगळ्यांना माहितीय. नाडी धरल्यासारखा हात ठेवून पूर्ण 1 मिनिट छाती बघा, मोजतोय हे पेशंटला कळलं की श्वास बदलतो. खडूस सिस्टर मिळाली तर नशीब समजा.

हात थरथरतात सुरुवातीला, सगळ्यांचेच. माझे महिनाभर थरथरत होते. पण घोळ झाला, होता होता राहिला, तरी लगेच सांगायचं, लपवायचं नाही. मी रडतच सिस्टरना सांगितलं. जेवणाची गाडी आली होती, त्यांनी आधी अकरा नंबरवर जाऊन बरोबर मावशींना इन्सुलिन दिलं, मग मला पाणी दिलं, आणि मग ड्युटी रूममध्ये नेऊन असं झापलं की बास.