स्मार्ट लाईट: ॲप, आवाज की भिंतीवरचं बटण?

भावांनो, नुसता स्मार्ट बल्ब आणून भागत नाही, आईनं सवयीनं भिंतीवरचं बटण बंद केलं की बल्बची वीजच तुटली, मग मोबाईलवर ॲप कितीबी दाबा. त्यापेक्षा स्विचबोर्डच्या आत स्मार्ट मॉड्युल (बटणामागं बसणारा, ॲपवरनंबी चालणारा छोटा स्विच) बसवा, बटणबी चालतंय आणि ॲपबी. बऱ्याच मॉड्युलला न्यूट्रल (वीज परत जायची वायर) लागतोय, तो बोर्डात आलाय का ते आधी वायरमनकडून बघून घ्या, कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या जुन्या घरांत तर नक्कीच. वायफायवाल्या मॉड्युलला बहुतेक करून राऊटरचं २.४ गिगाहर्ट्झवालंच वायफाय लागतंय, ५ वालं नाही, आणि राऊटर इन्व्हर्टरवर घ्या, पावसाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही. जिन्यात मोशन सेन्सरच भारी, दोन्ही हातांत पिशव्या असल्या तरी लाईट लागतंय. आवाजावरचं स्वयंपाकघरात सोयीचं, हात भाकरीच्या पिठात असताना. पण पोरगं झोपल्यावर कसं बोलणार, तिथं उशाला बॅटरीवालं वायरलेस बटण ठेवा.